वाऱ्याच्या टायमाले गोळी

नागपुरात शिडाची नाव म्हटलं का लोक पहिले हसतात. हसा. आमच्या सक्करदऱ्यातबी सारे हसले. समुद्र कुठच्या कुठं, अन् हा गिरिधर आपल्या आंगणात, तुळशीच्या बाजूले, नाव पालथी घालून बसलेला. पोस्टमन आला तरी विचारे, "काय गा भाऊ, पूर येऊन राहिला का?"

गिरिधर माहा लहानपणचा दोस्त. मी रामाजी, कूलरवाला. पत्रा कापतो, बॉडी ठोकतो, खालच्या ट्रेले डांबर मारतो. उन्हाळ्यात मले जेवाले टाइम नसते अन् पावसाळ्यात मले कोणी ओळखत नाही. गिरिधर एका तलावावरच्या नाव-क्लबात कामाले होता. सुट्टीच्या दिवशी साहेब लोक येत, शिडाच्या नावा फिरवत. हा नावा धुवे, शिडं बांधे, काठापासून ढकलून देई. वारा जोराचा सुटला का साहेब म्हणत, "गिरिधर, बैस." मंग हा उडी मारून नावेच्या वरच्या काठावर जाऊन बसे. काहून, तं वजन म्हणून. वाऱ्यानं नाव एका अंगाले कलंडते, मंग दुसऱ्या अंगाले माणूस पाहिजे. साऱ्या नोकरीभर हा वजन होता. गव्हाचं पोतं ठेवलं असतं तरी भागलं असतं, फक्त पोत्याले गाठी सोडता येत नाही.

सुकाणूले त्यानं कधी हात लावला नाही. कोणी मना केलं होतं असं नाही. कोणी धर म्हटलं नाही अन् यानं मागतलं नाही. असा तो माणूस.

मंग क्लब बंद पडला. फायबरच्या नावा विकून टाकल्या. ही एक लाकडाची उरली, बुढी झालेली, तिले कोणी घेईना. गिरिधरले म्हणे, लागते तं घेऊन जा. त्यानं बैलबंडीवर टाकून घरी आणली. तिच्यावर कितीक वर्षं यमुवहिनीनं कुरड्या वाळवल्या. वहिनी म्हणजे त्याची बायको. बोलणं असं का कूलरच्या पत्र्यानं बोट कापावं, अन् मंग हळदबी तिनंच लावावी.

मागच्या दिवाळीच्या आंगंमांगं गिरिधर माह्या दुकानात आला. चहा मागवला. कप उचलला तं अर्धा चहा बशीत, अर्धा पायजाम्यावर. मले माहीत होतं त्याले कंपवात झाला म्हणून, पण इतका झाला हे मी पाहिलं नव्हतं. मी माहा कप खाली ठेवून दिला.

"रामा, नाव दुरुस्त कराची आहे," तो म्हणे.

"काहून बे?"

"एक डाव सुकाणू धराचं आहे. या काठानं त्या काठाले. साहेब नाही, कोणी नाही. मी चालवीन."

"अन् वजन?"

"वजन तू."

मी हसलो. तो नाही हसला. मंग त्यानं सांगतलं का डॉक्टर म्हणते, हात अजून जाईल. अन् दामिनी, त्याची पोरगी, मौद्याले राहते, जावई पॉवर प्लांटात आहे. ती म्हणून राहिली का जूनमंदी दोघंही इकडं या, आईनं एकटीनं बाबाले किती उचलाचं. पोरीचं खोटं नव्हतं. म्हणजे हाच उन्हाळा. हात अन् जून, यातलं जे पहिले येईल ते.

नागपुरात नावेचं सामान कुठं भेटते? कुठंच नाही भेटत. म्हणून जे भेटलं ते नावेचं सामान.

डोलकाठी मोडलेली होती. वावरात पिकाले तुषार द्याचे अल्युमिनियमचे पाइप राहतात ना, तसा एक वाकडा पाइप माह्या साळ्याच्या गोठ्यात पडून होता. तो सरळ केला. सरळ झाला पण लुचपुच कराले लागला, म्हणून त्याच्या पोटात वेळू ठोकला. दोरीच्या घिर्र्या बाल्कनीत कपडे वाळवाच्या हँगरच्या. सुकाणूचं पातं पहिले मी पत्र्याचं बनवलं, ते पाण्याच्या नुसत्या धाकानं वाकलं असतं. मंग गल्लीतला जुना कॅरम बोर्ड कापला. त्याचा एक कोपरा भोकासकट राहून गेला. गिरिधर म्हणे, राहू दे, मासोळीले राणी टाकता येईल. पातं टांगलं फाटकाच्या बिजागऱ्यावर. अन् जीव वाचवाचं जाकीट? तांदळाच्या कट्ट्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या शिवल्या. ते घालून मी आरशासमोर उभा राहिलो तं भंगारवाल्याची बंडी दिसत होतो.

शिडाची लय मजा झाली. जरीपटक्याच्या बाजारात चौकातला एक वाढदिवसाचा बॅनर उतरवून ठेवला होता, भल्ला मोठा. कोण्या भाऊचा होता. चौकशी केली तं दुकानदार म्हणे, "ले जाव, भाऊ हार गये." फ्लेक्सचं कापड वारा धरते, पण जाड. वहिनीच्या मशीनीच्या सुया तटातट तुटल्या.

"माही मशीन नवऱ्याच्या नादानं खराब होऊन राहिली," वहिनी म्हणे.

"राहू द्या वहिनी, मी दाभणानं शिवतो."

"तुमी काय शिवता भाऊजी, तुमचा टाका म्हणजे म्हशीच्या दोन दातातली फट. आणा इकडं."

तिनंच शिवलं, दाभणानं, सुतळीले मेण लावून. शीड तिकोनी, म्हणून भाऊचं डोकं कापल्या गेलं. अर्धा गाल, एक कान, अन् समोर दाखवाचं एक बोट तेवढं उरलं. खाली अक्षरं, 'च्या हार्दिक'. गिरिधर म्हणे, "रस्ता दाखवाले माणूस आहे आता आपल्यापाशी."

पण खरं काम होतं सुकाणूच्या दांड्याचं. कारण का नाव तिथंच थांबली होती, गिरिधरच्या हाताचं बिघडणं थांबलं नव्हतं. संक्रांतीले मी दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून दिली, त्याले दांडा धरता आला. होळीपर्यंत त्याची मूठ त्याच्यावर बसेना. मंग जाड केला, क्रिकेटच्या बॅटीची ग्रिप चढवली. एक महिना चाललं. मंग बोटं आपोआप उघडाले लागली. तो धरे, पाही, अन् बोटं उघडून जात, जशी कोण्या दुसऱ्याची आहेत.   मी घरी जाऊन जुन्या स्कूटरच्या सीटचं रेक्झिन कापलं, आतून फोम लावला, त्याचा एक पट्टा बनवला. त्यात मनगट घालाचं, वरून बक्कल. बोटं नाही धरत तं नको धरू, मनगट तं धरते.

त्यानं हात घालून पाहिला. दांडा इकडं केला, तिकडं केला.

"बांधून टाकलं बे तू मले," म्हणे.

"जमते का नाही ते सांग."

"जमते."

मेच्या उन्हात शेवटचं काम काढलं, फटीचं. नाव फळ्याईची, अन् इतके वर्षं आंगणात उन्हानं तापून फळ्या अशा सुकल्या होत्या का दोन फळ्याईच्या मधातून तुळस दिसे. आता फट बुजवाचं काम म्हणजे माहं काम. कूलरचा ट्रे आमी कसा करतो? उन्हात ठाक कोरडा होऊ देतो, फट पहिले खरवडतो, ठासून भरतो, वरून डांबर. एक थेंब पडत नाही. गिरिधर म्हणे, हो, तसंच कर. गादीवाल्याकडून कापूस आणला, डांबरात भिजवला, अन् लाकडी हातोडीनं ठोकठोकून भरला. जिथं एक थर जाई तिथं दोन थर घातले. वरून ते दोन रंगाचं मिळवून लावाचं लुकण लावलं, दगडासारखं होते ते. गिरिधर नावेखाली पालथा झोपून वर पाहे. "इथं उजेड दिसून राहिला. इथं अजून. अजून ठोक." मी ठोको. शेवटी तो खालून ओरडला का आता अंधार आहे, सारा अंधार. आमाले दोघाईलेबी लय बरं वाटलं.

उमरेड रोडच्या पुढं एक सिंचनाचा तलाव आहे. तिकडं वाऱ्याले आडवं काही नाही. छोटा हत्ती टेम्पोत नाव टाकली, आमी तिघं तिच्या बाजूले बसलो. तलावाच्या पाळीवर पंचफुला नावाची ढिवरीण राहते, जाळं टाकते. तिनं नाव पाहिली, शीड पाहिलं, कंबरेवर हात ठेवला.

"भाऊ, ही काय प्रचाराची गाडी आहे का?"

"हाव," मी म्हटलं, "मासोळ्याईचं मतदान आहे."

तिनं पदर खोचला अन् ढकलाले आली. नाव पाण्यात गेली. गिरिधर आत वाकून पाहत होता. मी आत हात फिरवला. कोरडी. पुन्हा फिरवला. कोरडी ठाक. वहिनीनं नारळ फोडला, खोबरं पंचफुलाले दिलं. गिरिधर मागं सुकाणूपाशी बसला. मी पट्टा बांधून दिला. माहं भंगाराचं जाकीट घालून मी वरच्या काठावर वजन होऊन बसलो.

अन् वारा नाही.

पाणी असं का त्यात चेहरा पाहून दाढी करावी. शिडावरचं बोट खाली लोंबून आमच्या पायाकडं दाखवे. आमी बसलो. गिरिधरनं सकाळी गोळी घेतली होती. ती गोळी म्हणजे अशी का घेतली का थोड्या वेळानं हात ताब्यात येते, काही वेळ राहते, अन् मंग उतरते. उतरली का सारा माणूस लाकूड. वरची दुसरी गोळी घ्याची नाही, डॉक्टरची सक्त ताकीद, डबी वहिनीच्या पर्समंदी.

ऊन डोक्यावर आलं तवा वारा आला. गरम लू होती, पण वारा होता. शीड फुगलं, नाव हलली, काठाले बांधलेली दोरी ताणली. मी म्हटलं, "सोडू का दोरी?"  मी वळून पाहिलं. गिरिधरचा हात पट्ट्यात थडथड उडत होता अन् त्याची मान छातीवर पडली होती. गोळी उतरली होती.

"सोड," तो म्हणे.

"नाही सोडत."

"सोड ना बे."

"गिरिधर, तू नाव नाही चालवून राहिला, हात तुले चालवून राहिला. उतर."

काठावर आणून झाडाखाली बसवलं. वहिनीनं पाणी पाजलं. खूप वेळानं त्याची जीभ मोकळी झाली. मले वाटलं, आता हा म्हणते चला घरी. तर तो म्हणे, "चूक वाऱ्याची नाही. मी गोळी वाऱ्याच्या टायमाले घ्याले पाहिजे होती. उद्या दुपारी घेतो."

"सकाळभर बिनगोळीचे राहान?" वहिनी म्हणे. "लाकडावानी?"

"तू आहे ना वं उचलाले."

"हाव, मी आहे ना. मी तुमची हमाल."

पण तिनं नाही म्हटलं नाही.

नाव तिथंच पाण्यात बांधून ठेवली. पुन्हा गाडीत कोण टाकते? अन् क्लबात नावा पाण्यातच तं राहत होत्या, गिरिधरनंच पाहिलं होतं. कोरडी ठाक होती. आमी खुशीत घरी आलो. वाटेत गिरिधर मले सांगत होता का नाव वळवाच्या वेळी वजनानं कसं या काठावरून त्या काठावर सरकाचं, डोकं कसं खाली घालाचं. तेवढं एक काम त्याले पक्कं येत होतं, ते त्यानं मले शिकवलं.

दुसऱ्या दिवशी आमी दुपारच्या आधी पोचलो. गिरिधरनं गोळी घेतली नव्हती. ऑटोतून त्याले मी अन् ऑटोवाल्यानं कपाट उतरवावं तसं उतरवलं. पाळीवर चढलो. पंचफुला समोर आली, अन् ती काही मस्करी नाही करून राहिली हे पाहूनच मले समजलं.

"भाऊ, रात्रभर आवाज येत होता," ती म्हणे. "कडाड, कडाड. मले वाटलं कोणी तुराट्या मोडून राहिलं. सकाळी पाहिलं तं अशी."

नाव बांधली होती तिथंच होती. खाली बसली होती, गाळात. काठ तेवढे पाण्याच्या वर, डोलकाठी उभी, शीड गुंडाळलेलं. मी मांडीइतक्या पाण्यात गेलो, आत हात घातला. फळी आतल्या लाकडी फासळीपासून सुटून बाहेर आलेली. तिच्या बाजूचीबी. फासळ्या मधातून मोडलेल्या. अन् फटीतला कापूस जसाच्या तसा, घट्ट, एक धागा हलला नव्हता.

तवा डोक्यात उजेड पडला. पावसाळ्यात माह्या घराचं दार फुगते, दरवर्षी खालून तासावं लागते. लाकूड पाणी पेलं का फुगते, हे नागपुरात लेकराले माहीत आहे. या बुढीनं इतक्या वर्षाईनं पाणी पेलं, रात्रभर पेलं, अन् फुगाले तिले जागाच नव्हती. साऱ्या जागेत आमी कापूस ठोकला होता. क्लबात ती कधी पाण्याबाहेरच आली नव्हती म्हणून कधी सुकली नव्हती. नुसतं दोन दिवस ओल्या पोत्याखाली ठेवलं असतं तं अर्ध्या फटी आपल्या आपणच मिटल्या असत्या. टिनाचं काम केलं आमी लाकडाले. टिन फुगत नाही.

मी वर आलो. गिरिधरले झाडाखाली बसवलं होतं. त्याचा चेहरा तसाही बिनगोळीचा हलत नव्हता, म्हणून काय वाटून राहिलं ते काही समजे ना.

"काढू आपण हिले," मी म्हटलं. "नवीन फासळ्या टाकू."

"किती दिवस?" त्यानं विचारलं. शब्द एक एक करून येत होता.

 त्यानं सुकाणूच्या पट्ट्याकडं पाहिलं, तो माह्या खांद्यावर होता. मनगटानंतर आता दुसरा काय पट्टा बनवाचा होता मी? मानेले बांधाचा?

वहिनीनं पर्स उघडली. "घ्या गोळी. टाइम झाला."

"आता काहाले?"

"घरी न्याचं आहे ना तुमाले. मी काय खांद्यावर नेऊ?"

त्यानं घेतली. आमी बसून राहिलो. पंचफुलानं चहा करून आणला, त्याले तिनंच बशीनं पाजला, काही न विचारता. मंग हळूहळू त्याची मान सरळ झाली. बोटं उघडली, मिटली. अन् तेवढ्यात वारा आला. काल आला तसाच, त्याच दिशेनं, बरोबर त्याच टायमाले. पाण्यावर खवले उठले. गिरिधरचं गणित चुकलं नव्हतं. गोळी अन् वारा दोन्ही सोबत आले होते.

तो उठला. स्वतःच्या पायानं पाळ उतरला अन् पाण्यात गेला. वहिनीनं नुसतं पाहिलं. मी मागं गेलो. त्यानं शिडाच्या गाठी सोडल्या, आपल्या हातानं, भराभर, जशा क्लबात सोडे. शीड वर चढवलं. भाऊचा अर्धा गाल फुगला, बोट समोरच्या काठाकडं सरळ झालं. मंग तो बुडालेल्या नावेत मागं जाऊन बसला. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं.

"पट्टा दे," म्हणे.

मी बांधून देल्ला. सुकाणूचं पातं मागच्या खोल पाण्यात होतं, ते हलत होतं. इकडं केलं, तिकडं केलं. बिजागरी मस्त चालत होती, ते काम चांगलं झालं होतं. शीड ताणलं, डोलकाठी कुरकुरली, अन् नाव आपल्या जागेवर, गाळात. उलशीबी हलली नाही.

"बैस ना बे वजनाले," तो म्हणे.

मी वरच्या काठावर जाऊन बसलो. पंचफुला पाळीवर उभी होती, तिनं हसाले पाहिजे होतं, ती हसली नाही. वहिनीनं छत्री उघडली अन् आमच्याकडं पाठ करून बसली.

गिरिधर समोरच्या काठाकडं पाहत होता. वारा बदलला का दांडा उलसा दाबे, पुन्हा सोडे. एकदा म्हणे, "वळतो," अन् मी त्यानं शिकवलं तसं डोकं खाली घालून दुसऱ्या काठावर सरकलो. कोणी दुरून पाहिलं असतं तं म्हटलं असतं, दोन बुढे पागल झाले. माह्या जाकिटातल्या बाटल्या पाण्यावर कटकट वाजत होत्या.  मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. समोरचा काठ जिथं होता तिथंच होता. त्याच्यावर कोणाच्या तरी म्हशी चरत होत्या.

मंग पातं थरथराले लागलं. पहिले मले वाटलं मासोळी असन. मागं वळून पाहिलं तं सुकाणूच्या बाजूनं पाण्यात बारीक बारीक लहरा निंघून राहिल्या होत्या, एकामागं एक, अन् दूर दूर जाऊन राहिल्या होत्या.

"रामा," तो म्हणे, "बक्कल काढ."

मी काढलं. भिजून रेक्झिन आवळलं होतं, लवकर सुटेना. सुटलं तवा त्याच्या मनगटावर लाल वळ उमटला होता. पंचफुला पाण्यात उतरली, तिनं त्याचे पाय धरले, मी खांदे. वहिनीनं छत्री मिटली अन् ऑटोवाल्याले हाक मारली.